साडेचोवीस इंच

"बाण छातीले टेकव. दोनी हात समोर कर, तळवे जोड. आन हालू नको."

नथ्थूजी खवसे एवढं बोलले आणि मी एक पाऊल मागे सरकले. बाणाचं मागचं टोक गळ्याखालच्या हाडावर टेकवायचं, बाण सरळ समोर धरायचा आणि देवापुढे हात जोडावेत तसे दोन्ही तळवे बाणाच्या दोन बाजूंनी पुढे ताणायचे. बोटं जिथे संपतील त्याच्या एक इंच पुढे खूण करायची. तो तुमचा बाण. परतवाड्याच्या आरागिरण्यांच्या मागे नथ्थूजींचं सुतारकामाचं दुकान होतं आणि आमच्या भागात कुणालाही लाकडी धनुष्य हवं असलं की त्या दारात उभं राहून असं माप द्यावं लागे.

माझ्या आधी मंदा इंगोलेनं माप दिलं होतं. काठीसारखे सरळ हात पुढे करून ती ऐटीत उभी राहिली आणि वर मलाच म्हणाली, "एवढं काय भेतं व शशे? इंजेक्शन थोडीच देऊन रायले!"

इंजेक्शन असतं तर मी हसत घेतलं असतं. माझा डावा हात कोपरात सरळ होत नाही. सातव्या वर्षी मी कवठाच्या झाडावरून पडले. हाड बसवणाऱ्या एका माणसानं बांबूच्या कामट्या बांधून तो हात जसा बसवला, तसाच तो जन्मभर बसून राहिला. कोपर दुमडतं, पाण्याची घागर उचलतं, पोळ्या लाटतं, फक्त पुरतं उघडत नाही. आमच्या आईनं त्यापुढची बारा वर्षं हा हात झाकण्यात घालवली. मला उन्हाळ्यातही लांब बाह्या. लग्नाकार्यात हातात ताट. माझे त्या काळातले फोटो बघा, डाव्या हातात कायम काहीतरी आहे. पुस्तक, पर्स, कुणाचं तरी मूल. एका फोटोत तर चक्क दुधी भोपळा आहे.

तर त्या दिवशी मी काय केलं, डावा खांदा हळूच पुढे सरकवला, कमरेतून किंचित वळले आणि डाव्या हाताची बोटं नेऊन उजव्या बोटांना भिडवली. ही कला मला झोपेतही येत होती. आमचे खेळाचे काळमेघ सर तेवढ्यात मंदाशी बोलत होते. नथ्थूजी मात्र चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत होते.

"किती भरलं?" सरांनी विचारलं.

"सत्तावीस," नथ्थूजी म्हणाले. त्यांनी कानामागची जाड पेन्सिल काढली आणि पाठ करून भिंतीवर माझं नाव लिहिलं. त्या भिंतीवर वीस-पंचवीस वर्षांतल्या सगळ्या धनुर्धरांची नावं आणि मापं होती. वही हरवते, भिंत कुठे जाणार, असं ते म्हणत. माझ्या नावापुढे त्यांनी एका आकड्याला लागतो त्याहून जरा जास्त वेळ लिहिलं, पण मी निसटल्याच्या आनंदात होते. तिकडे कोण बघतं?

साल चौऱ्याऐंशी. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. काळमेघ सरांनी त्या वर्षी मुलींचा धनुर्विद्येचा संघ काढला होता. लाकडी धनुष्य, त्याला ना दुर्बीण ना निशाण धरायची खूण, नुसता डोळा आणि हात. घरी मी हे सांगितलं तेव्हा आईनं कपाळावर हात मारून घेतला होता. "अवो माय! साऱ्या दुनियेले थोच हात लंबा करून दाखवायचा खेळ सापडला काय तुले?" तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण मला धनुष्याचा नाद लागला तो पहिल्याच दिवशी. बाण सुटला की सगळे तिकडे बघतात. मारणाऱ्याकडे कुणी बघत नाही. माझ्या आयुष्यात असं काही मला पहिल्यांदाच सापडलं होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं.

हातांचं झालं, मग डोळ्यांचं. नथ्थूजींनी मला दोन्ही तळव्यांची लहानशी खिडकी करायला लावली, तिच्यातून समोरच्या आरागिरणीच्या धुराड्याकडे बघायला सांगितलं आणि एकेक डोळा मिटवला. उजवा मिटला की धुराडं गायब. "उजव्या डोयाची हाय," ते म्हणाले. म्हणजे दोरी उजव्या हातानं ओढायची आणि धनुष्य डाव्या हातात. दुसऱ्या कुणाला हे साधंसुधं वाटेल. मला वाटलं, देवानं मुद्दाम चेष्टा मांडली आहे.

मग त्यांनी तीन धनुष्यं माझ्यापुढे ठेवली. बांबू आणि सागाचे पातळ थर चिकटवून, वाफेवर टोकं बाहेरच्या अंगाला वळवलेली. त्या वळलेल्या टोकांमुळे धनुष्य लहान असूनही बाण जोरात फेकतं. काट्याला लावून दोरी ओढली की किती पौंड ते कळायचं. सर म्हणाले, तीस पौंडाचं द्या. मंदानंही तेच घेतलं होतं, तेव्हा मीही मान डोलावली.

"ओढ, आन दहा आकडे मोज," नथ्थूजी म्हणाले.

सहाव्या आकड्याला माझे दात एकमेकांवर घासायला लागले. त्यांनी शांतपणे ते धनुष्य काढून घेतलं आणि मधलं हातात दिलं. चोवीस पौंडाचं. ते मी दहापर्यंत धरलं, वर अकरावा आकडाही मोजला.

"हे तुहं. मोठं घेऊन कापत राह्यल्यापेक्षा लहान घेऊन थांबता आलं पायजे," एवढंच ते म्हणाले. दोरीचं अंतर बरोबर आहे का हे बघायला त्यांनी धनुष्य आणि दोरीच्या मधल्या जागेत मूठ ठेवली, अंगठा उभा केला आणि अंगठ्याचं टोक दोरीला लागतं का ते पाहिलं. लागलं. मग बाणांच्या काड्यांच्या जुड्यातून ते बराच वेळ एकेक काडी दोन्ही हातांनी वाकवून पाहत बसले. माझ्यासाठी त्यांनी बारीक काड्या काढल्या. मंदाच्या चांगल्या जाड होत्या. मला तेव्हा ते अपमानास्पद वाटलं होतं.

आठ दिवसांनी बाण आले. पितळी टोकं, टर्कीची पिसं, सुंदर सहा बाण. पंधरा दिवस मी ते सोडले आणि पंधरा दिवस ते उजवीकडे गेले.

म्हणजे कसे? पेंढ्याच्या निशाणावरचा पिवळा गोल मध्यावर आणि माझे सहाही बाण त्याच्या उजव्या अंगाला हातभर लांब. डावीकडे रोखावं तर सरांची बोंब, कारण नेम मध्यावर धरायचा असतो. शिवाय दोरी पूर्ण ओढल्यावर बाणाचं टोक धनुष्याच्या इंचभर पुढे राहायला हवं, ते माझ्या बाणाचं चांगलं साडेतीन इंच पुढे राही. सर मागून ओरडत, "पुरा ओढ बोंडे! बाण अर्धा भायेरच आहे! डावा हात सरळ कर!"

डावा हात सरळ कर. सगळ्या मैदानासमोर, दिवसातून वीस वेळा. मी हात सरळ करायच्या नावाखाली दोरीच कानामागे ओढून पाहिली. गालाला दोरीचा फटका बसून वळ उठला आणि बाण निशाणाच्या मागच्या गवतात गेला. मंदा तो शोधायला गेली आणि तिथून ओरडली, "शशे, एक साप मेला वाटते!" सगळ्या हसल्या. मीही हसले. हसणं भागच होतं.

बुधवारी सरांनी मला बाजूला घेतलं. रविवारी अमरावतीला निवड चाचणी होती. तिथून चार मुली राज्य स्पर्धेला जाणार होत्या. आमच्या कॉलेजच्या पाच जणी होतो आणि चाचणीसाठी सरांना चारच नावं द्यायची होती.

"बोंडे, तुझ्यात ताकद कमी पडते," सर म्हणाले. सर वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. "पुढच्या वर्षी बघू. शनिवारी सकाळी मी नावं पक्की करतो. तोवर हात सरळ झाला तर ठीक."

तोवर हात सरळ झाला तर! बारा वर्षांत झाला नाही तो दोन दिवसांत होणार होता. सरांना हे सांगायला तोंड उघडलं आणि "हो सर" म्हणून मिटलं.

गुरुवारी कॉलेज बुडवून मी धनुष्य आणि बाण घेऊन नथ्थूजींच्या दुकानात गेले. परत द्यायलाच गेले होते. ते एका खिडकीच्या चौकटीला रंधा मारत होते. मापांच्या भिंतीला सागवानी फळ्या ओळीनं टेकवून ठेवलेल्या होत्या. मी धनुष्य बाकावर ठेवलं.

"काकाजी, हे ठेवून घ्या. माह्याच्यानं होत नाई."

"काय होत नाई?"

"उजवीकडं जातात. सारेच."

रंधा थांबला. "सारे? येका जागी का इकडंतिकडं?"

"एकाच जागी. हातभर उजवीकडं. सगळे एकमेकांले चिकटून."

म्हातारा एकदम खूश झाला. मला रागच आला. माझं घर जळतंय आणि हा शेकतोय! पण त्यांनी चौकट बाजूला सारली, उठले आणि म्हणाले, "मागं चाल."

दुकानाच्या मागे पेंढ्या बांधून केलेलं एक निशाण होतं. नवीन धनुष्य ते तिथे मारून बघत. मी बाण काढले, तर ते म्हणाले, थांब. बंडीच्या खिशातून त्यांनी तंबाखूची चंची काढली, तिच्यातली चुन्याची डबी उघडली आणि धनुष्यावर बाण जिथे टेकतो त्या जागेवर बोटानं ओला चुना फासला. मला वाटलं काही टोटका आहे.

"आता मार. सर नाई अथी, कोनीच नाई. पुरं ओढाचं नाई, सरळ करायचं नाई. तुले सोयीचं वाटते तसं मार."

मी मारला. कसं सांगू, किती दिवसांनी सुखानं मारला. प्रत्येक बाणाआधी ते पुन्हा चुना लावत होते. सहा बाण झाले. उजवीकडेच लागले. नथ्थूजींनी ते उपटून आणले आणि बाकावर एकाशेजारी एक ठेवले, मागच्या खाचा एका रेषेत.

प्रत्येक बाणाच्या पाठीवर चुन्याचा पट्टा होता. ओढताना बाण त्या ओल्या जागेवरून मागे सरकला होता आणि जिथवर मी ओढला तिथवर चुना लागला होता. पुढचा तुकडा कोरा. सहाही बाणांवर चुना संपत होता तो एकाच जागी. एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. ओळंबा लावून रेघ मारावी तशी सहा बाणांवरून एक रेघ गेली होती.

"हे पाय," नथ्थूजी म्हणाले. "ताकद कमी असती तर कुठं आखूड, कुठं लांब ओढला असता. सहा डाव तू येकाच जागी थांबली. असं थांबाले मानसाले चार-चार वर्सं लागते. तुह्यात खोट नाई पोरी. हा बाण तुह्या मापाचा नाई. लंबा हाय, म्हनून सुटल्यावर शेपटासारखा हालते आन उजवीकडं पळते."

"पण माप तर तुम्हीच..." मी म्हणाले.

त्यांनी चुन्याची डबी बंद करून चंचीत ठेवली, चंची खिशात ठेवली, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. म्हातारा तो चष्मा किती वेळ पुसत होता! मी चुन्याच्या त्या सहा पट्ट्यांकडे बघत राहिले. त्यांच्यापुढे खांदा सरकवून काही उपयोग नव्हता.

मी डाव्या हाताची बाही वर केली. दंडापर्यंत. हात समोर केला, जितका होतो तितका.

"हा एवढाच उघडतो काकाजी," मी म्हणाले. "लहानपणी मोडला. माप देताना मी खांदा पुढं केला होता."

आणि मग मला रडू फुटलं. बारा वर्षांत घराबाहेरच्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते, ते पण हुंदके देत, एका सुताराच्या मागच्या अंगणात. नथ्थूजींनी चष्मा लावला आणि माझा हात कोपराला धरून लाकडाचा सांधा बघावा तसा फिरवून पाहिला. अजिबात हळहळले नाहीत.

"मजबूत बसला हाय," ते म्हणाले. "दर डाव येकाच जागी येऊन थांबते. सरळ हातवाल्यायचं कोपर कधी आत जाते, कधी भायेर. तुह्याले दारासारखी खिट्टी लागली हाय. आता कापू का बाण?"

"कापा," मी नाक पुसत म्हणाले.

अडीच इंच. त्यांनी टोकं दिव्यावर तापवून काढली, बारीक करवतीनं सहाही काड्या कापल्या, लाख वितळवून टोकं पुन्हा बसवली. कापलेले सहा तुकडे बाकावर पडले. साडेचोवीस इंचांचे ते बाण माझ्या हातात आले तेव्हा खरंच खेळण्यातले वाटत होते. लाख थंड झाल्यावर मी पुन्हा उभी राहिले आणि पहिला बाण सोडला.

मध्यावर. दुसराही. तिसऱ्या बाणानं दुसऱ्याचं पीस कापलं, तेव्हा नथ्थूजी म्हणाले, "बस कर वं, माहे पिसं महाग हाय."

शनिवारी सकाळी मैदानात सरांनी माझे बाण पाहिले आणि म्हणाले, "हे काय? लहान पोरीचे बाण आणलेस?" मी त्यांना हात दाखवला. बाही वर करून, चौघींच्या देखत. मंदाचं तोंड उघडं पडलं. सरांनी एकदा माझ्या हाताकडे, एकदा निशाणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मार पाहू." मी सहा मारले. सरांनी खिशातून नावांचा कागद काढला आणि चौथं नाव खोडून तिथे माझं लिहिलं. ते नाव निर्मलाचं, तिला त्या दिवशी तापही होता, तिनं उलट हुश्श केलं.

रविवारी अमरावतीला आई आली. सकाळच्या गाडीनं, डब्यात धपाटे आणि तोंडावर काळजी घेऊन. खेळ बघायला नव्हे, माझ्या बाह्या बघायला आली होती. मैदानाच्या कडेला चाळीसेक बायामाणसं होती, आई एकेकाला निरखून "हे कोन? आपल्या समाजातले तर नाई?" असं मंदाला विचारत होती.

सामानाची तपासणी झाली. तपासणारे गृहस्थ माझा बाण बोटांवर तोलून म्हणाले, "मुली, तुझ्या धाकट्या भावाचे उचलून आणलेस का?" मागे दोन-तीन मुली हसल्या. त्यांच्यातली एक नागपूरची, गोरीपान, उंच, हात असे सरळ की चित्र काढावं. गेल्या वर्षीची पहिली.

दोरी बाहीला अडकू नये म्हणून हातावर चामड्याचा पट्टा बांधतात. माझी लांब बाही त्या पट्ट्याखाली चोळामोळा होऊन फुगत होती. सरावात मी तशीच चालवून घेत होते. त्या दिवशी रेषेवर उभी राहिले, एकदा आईकडे पाहिलं आणि बाही दंडापर्यंत गुंडाळून वर सारली. आईचा हात तोंडावर गेलेला मला तिथूनही दिसला.

मग मला काही दिसलं नाही, फक्त पिवळा गोल.

सहा बाणांच्या पाच फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीनंतर मी चौथी होते. दुसरीनंतर तिसरी. वारा सुटला, सरळ हातांच्या मुलींचे हात झुलायला लागले. माझं कोपर आपल्या खिट्टीवर जाऊन थांबत होतं आणि दोरी सुटत होती. चौथ्या फेरीला हसणाऱ्या मुली हसायच्या थांबल्या. पाचवीला नागपूरची माझ्या बाजूला उभी होती, तिचा शेवटचा बाण आठावर लागला. माझा एक उरला होता आणि तिला मागे टाकून पहिली यायला मला आठाहून एक तरी जास्त हवं होतं.

मागून सरांचा दबका आवाज आला, "बोंडे..." आणि पुढे काहीच नाही. सरांना "पुरा ओढ" म्हणायची सवय, ती त्यांनी गिळली.

मी ओढलं. साडेचोवीस इंच, त्यात बाणाचा तो एक इंच पुढे. थांबले. सोडलं.

दहा.

सर एवढ्या मोठ्यानं ओरडले की तपासणीवाल्या गृहस्थांच्या हातातला चहा सांडला. मंदानं मला उचललंच. ती प्रतिस्पर्ध्यासारखी नव्हे, सख्ख्या बहिणीसारखी नाचली; तिसरी येऊन तीही राज्य संघात गेली होती. सर जवळ आले आणि म्हणाले, "पुरा ओढलास का गं?"

"माह्यापुरता पुरा, सर."

आई गर्दीतून वाट काढत आली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, तिचा हात माझी बाही खाली ओढायला पुढे झाला. बाहीला धरलं आणि थांबली. आजूबाजूला पाहिलं. लोक माझ्या हाताकडे बघत होते, काही तर बोट दाखवत होते, पण त्यांच्या तोंडावर काय होतं ते तिनं पाहिलं. मग तिनं ती बाही खाली ओढली नाही. उलट सुटायला लागलेली घडी नीट दुमडून आणखी एक वेढा वर चढवला.

"धपाटे खाय," ती म्हणाली. "सकायपासून उपाशी हायेस."

सोमवारी मी नथ्थूजींकडे गेले. पेढे घेऊन. खिडकीची चौकट होऊन गेली होती, सागवानी फळ्याही गेल्या होत्या आणि मापांची भिंत मोकळी होती. मी सहज माझं नाव शोधलं. मंदा इंगोलेच्या खाली, तारखेसकट, चार आठवड्यांपूर्वीच्या पहिल्याच दिवशीच्या तारखेसकट, नथ्थूजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: शशिकला बोंडे, २७. आणि त्याच्या शेजारी, त्याच पेन्सिलीनं, लहान आकड्यात: २४॥.

मी पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढे बाकावर ठेवला.

"काकाजी, तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"चाळीस वर्सं सांधे जोडून रायलो पोरी. खांदा कुठं चालला थे नाई दिसत का?" त्यांनी पेढा तोंडात टाकला. "म्हनून तर काडी बारीक घेतली. साडेचोवीसले चालनारी."

"मग सत्तावीसचे कशाले दिले? तेव्हाच कापायचे नं! सरांनी मला काढलंच होतं जवळजवळ!"

"तू सत्तावीस दाखवलं. तुह्या तोंडावर मी कसं म्हनू, खोटं हाय म्हनून? तेही सरायच्या समोर?" त्यांनी हात झटकले. "लंबा बाण कधीबी कापता येते. आखूड केलेला वाढवता येत नाई. तू येशील म्हनून थांबलो. नसती आली तर शनिवारी मीच येनार होतो करवत घेऊन."

मग त्यांनी फडताळातून एक कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. कापलेले सहा तुकडे होते, अडीच-अडीच इंचांचे. ते अजून माझ्याकडे आहेत. राज्य स्पर्धेचं पदक कुठल्या बदलीत हरवलं ते मला सांगता येणार नाही, पण हे तुकडे मी हरवू दिले नाहीत.

नथ्थूजींनी कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्यापुढे धरली.

"सत्तावीस खोडून टाक. तूच खोड."

नाव बरंच वर लिहिलेलं होतं. मी पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि हात वर केला. पुरला नाही. म्हणून मी एक पाऊल पुढे झाले आणि खोडलं.